संसर्गजन्य रोगांच्या संशोधकाचे काम आणि त्याची उद्धरणे कशी तपासावीत

संसर्गजन्य रोगांवर काम करणाऱ्या संशोधकाचे मूल्यमापन करण्याची वेळ अनेकांवर येते. निवड समितीचे सदस्य, संशोधन-निधीच्या अर्जांची छाननी करणारे तज्ज्ञ आणि पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधणारे विद्यार्थी या सर्वांसमोर सर्वप्रथम तीन आकडे येतात: शोधनिबंधांची संख्या, एकूण उद्धरणे (सायटेशन), म्हणजे इतर निबंधांनी घेतलेले संदर्भ, आणि या दोन्हींवरून काढलेला एच-इंडेक्स. हे आकडे काही मिनिटांत मिळतात आणि त्यामुळेच त्यांच्यावर नको तितका विश्वास टाकला जातो. या विषयात तर अधिक जपून राहावे लागते, कारण साथ आली की त्या रोगावरच्या निबंधांची उद्धरणे एकाएकी कित्येक पटींनी वाढतात, मोठ्या औषध-चाचण्यांच्या निबंधांवर शेकडो नावे असतात, आणि लाखो रुग्णांचे उपचार बदलणारे काम उद्धरणांच्या यादीत कधी कधी खालच्या पायरीवरच राहते. आकडे टाकून द्यावेत असे माझे म्हणणे नाही. ते योग्य क्रमाने आणि योग्य तुलनेत वाचले, तर त्यांच्यातून पुष्कळ काही कळते.

सुरुवात प्रश्न लिहून काढण्यापासून करावी. ‘ही व्यक्ती किती मोठी संशोधक आहे’ हा प्रश्न कोणत्याही आकड्याने तपासता येत नाही. ‘गेल्या दहा वर्षांत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर या व्यक्तीने स्वतः आखलेले कोणते अभ्यास झाले आणि पुढे त्यांचा आधार कोणी घेतला’ हा प्रश्न मात्र तपासता येतो. प्रश्न असा नेमका असला की कोणता कालखंड घ्यायचा, कोणत्या प्रकारचे निबंध मोजायचे आणि तुलना कोणाशी करायची हे आपोआप ठरत जाते.

निबंधांची यादी आधी शुद्ध करावी

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण ते चुकले तर पुढचे सगळेच चुकते. यादीतला प्रत्येक निबंध खरोखर त्याच व्यक्तीचा आहे आणि त्या व्यक्तीचा कोणताही निबंध सुटलेला नाही, याची खात्री करावी लागते. आडनाव आणि आद्याक्षर यांवरून शोध घेतला तर समान नावांच्या चार-पाच संशोधकांचे काम एकत्र येते. उलट, लग्नानंतर बदललेले नाव, मधले नाव कधी देणे आणि कधी न देणे किंवा संस्था बदलणे यांमुळे एकाच व्यक्तीचे काम दोन-तीन नोंदींत विभागले जाते. यावर सर्वांत चांगला उपाय ऑर्किडचा आहे. २०१२ पासून उपलब्ध असलेला हा सोळा अंकी ओळख-क्रमांक संशोधक स्वतः घेतो आणि आपले निबंध त्याला जोडतो. मात्र ऑर्किडवरची यादी संशोधकाने अद्ययावत ठेवली असेल तितकीच पूर्ण असते, म्हणून ती पबमेड आणि स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधल्या नोंदींशी ताडून पाहावी. गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये नवे निबंध आपोआप जोडण्याची सोय आहे, त्यामुळे तिथे दुसऱ्याचे निबंध शिरण्याची शक्यता अधिक असते. प्रोफाइलमधल्या जुन्या वर्षांच्या नोंदी आणि विषयाशी न जुळणारी शीर्षके पाहिली, तर अशा चुका लवकर सापडतात.

यादी तयार झाली की प्रत्येक नोंदीसमोर निबंधाचा प्रकार लिहावा. मूळ संशोधन, आढावा-निबंध, एकाच रुग्णाचा वृत्तांत, संपादकांना पत्र, संपादकीय, उपचार-मार्गदर्शिका आणि प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुला केलेला मसुदा) हे सारे डेटाबेसमध्ये एकाच रांगेत दिसतात, पण त्यांचे स्वरूप वेगळे असते. आढावा-निबंधांना मूळ संशोधनापेक्षा साधारणपणे जास्त उद्धरणे मिळतात, आणि मार्गदर्शिकांना तर फारच जास्त. एखाद्या व्यक्तीची निम्मी उद्धरणे दोन मार्गदर्शिकांमधून आलेली असतील, तर त्यातून त्या व्यक्तीचे क्षेत्रातील स्थान कळते, पण तिने प्रयोगशाळेत किंवा रुग्णांमध्ये नवे काय शोधले ते कळत नाही. या क्षेत्रात रुग्ण-वृत्तांत आणि पत्रे यांचे प्रमाण मुळातच मोठे आहे, आणि २०२० मध्ये ते आणखी वाढले, त्यामुळे केवळ संख्येवरून उत्पादकता ठरवणे इथे विशेष धोक्याचे आहे. मेडआर्काइव्ह किंवा बायोआर्काइव्हवर आलेला प्रीप्रिंट नंतर नियतकालिकात छापला गेला असेल, तर दोन्ही मिळून एकच काम धरावे.

कोणत्या डेटाबेसवरून मोजावे

उद्धरणांची पद्धतशीर सूची यूजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’च्या रूपाने सुरू केली, आणि आजचे वेब ऑफ सायन्स तिच्यातूनच उभे राहिले. २००४ मध्ये स्कोपस आणि गूगल स्कॉलर ही दोन साधने आली, आणि २०२२ पासून ओपनअ‍ॅलेक्स हा पूर्णपणे मोफत डेटाबेस उपलब्ध आहे. वेब ऑफ सायन्स निवडक नियतकालिकेच घेते, स्कोपसचा आवाका त्याहून मोठा आहे, तर गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, अहवाल आणि परिषदांचे दस्तऐवज यांतली उद्धरणेही मोजते. त्यामुळे एकाच व्यक्तीचा एच-इंडेक्स या तिन्ही ठिकाणी वेगळा दिसतो आणि गूगल स्कॉलरवर तो सहसा सर्वांत मोठा असतो. यात कोणाचीही लबाडी नाही, प्रत्येकाची मोजण्याची व्याप्ती निराळी आहे. नियम एवढाच पाळावा की ज्यांची तुलना करायची त्या सर्वांचे आकडे एकाच डेटाबेसवरून, एकाच दिवशी घ्यावेत आणि डेटाबेसचे नाव व तारीख आकड्याशेजारीच लिहावी. एका उमेदवाराचा आकडा गूगल स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा वेब ऑफ सायन्सवरून घेऊन केलेली तुलना अन्यायकारक असते, आणि अर्जांमध्ये स्वतः उमेदवारांनी दिलेल्या आकड्यांवर विसंबणाऱ्या समित्यांकडून ती सहज होऊन जाते.

एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये मांडली. किमान २५ उद्धरणे मिळालेले २५ निबंध असतील, तर एच-इंडेक्स २५. तो समजायला सोपा आहे आणि एखाद-दुसऱ्या गाजलेल्या निबंधाने फुगत नाही, हे त्याचे गुण आहेत. पण तो कधीच कमी होत नाही, वयाबरोबर वाढतच जातो, आणि शिखरावरच्या कामाकडे तो पाहतच नाही. एका व्यक्तीच्या अग्रगण्य निबंधाला चार हजार उद्धरणे असतील आणि दुसऱ्या व्यक्तीच्या एकाही निबंधाला साठच्या वर नसतील, तरी दोघांचा एच-इंडेक्स २५ असू शकतो. नवख्या आणि ज्येष्ठ संशोधकांची तुलना करताना एच-इंडेक्सला पहिल्या प्रकाशनापासूनच्या वर्षांनी भागण्याची सूचना हर्श यांनीच केली होती. ती उपयोगी आहे, पण प्रसूती, आजारपण किंवा रुग्णसेवेत गेलेली वर्षे त्यातून आधी वजा करावीत, अन्यथा तो भागाकार नेमक्या त्याच लोकांना मागे टाकतो ज्यांनी रुग्णांसाठी वेळ दिला.

तुलना कोणाशी करावी

एचआयव्ही आणि क्षयरोग यांवर जगभर हजारो लोक लिहीत असतात. रेबीज, काळा आजार किंवा सर्पदंशासारख्या इतर उपेक्षित आरोग्य-प्रश्नांवर लिहिणारे त्या मानाने थोडे. ज्या क्षेत्रात लिहिणारे थोडे, तिथे उद्धृत करणारेही थोडेच. म्हणून काळ्या आजारावरच्या ८० उद्धरणांच्या निबंधाला एचआयव्हीवरच्या ८० उद्धरणांच्या निबंधाशेजारी ठेवणे चुकीचे आहे. यासाठी विषय आणि वर्ष लक्षात घेऊन काढलेले निर्देशांक वापरावेत. स्कोपसवर आधारित क्षेत्र-भारित निर्देशांकात समान विषय, समान वर्ष आणि समान प्रकारच्या निबंधांची जागतिक सरासरी १ धरली जाते, म्हणजे १.८ याचा अर्थ अपेक्षेपेक्षा ८० टक्के अधिक उद्धरणे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचे आयसाइट हे साधन मोफत आहे. तिथे त्या संस्थेच्या निधीतून झालेल्या निबंधांची पातळी १ धरून प्रत्येक निबंधाचे सापेक्ष उद्धरण-गुणोत्तर दिले जाते. पबमेडमधल्या निबंधांचे क्रमांक टाकले की उत्तर मिळते, त्यामुळे वैद्यकीय संशोधकासाठी मी पहिल्यांदा तिथेच जावे असे सुचवीन.

एक खबरदारी मात्र घ्यावी. एका व्यक्तीच्या सर्व निबंधांच्या या निर्देशांकांची सरासरी प्रचंड उद्धृत झालेल्या एकाच निबंधाने सहज वर खेचली जाते. म्हणून सरासरीऐवजी, किंवा निदान तिच्यासोबत, त्या व्यक्तीचे किती टक्के निबंध आपापल्या विषयातल्या आणि वर्षातल्या सर्वाधिक उद्धृत १० टक्क्यांत बसतात हे पाहावे. शिवाय वर्गीकरणाचाही प्रश्न आहे. वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या इसेन्शियल सायन्स इंडिकेटर्समध्ये २२ विषय-गट आहेत, पण त्यांत संसर्गजन्य रोग असा स्वतंत्र गट नाही, आणि या क्षेत्रातल्या एकाच व्यक्तीचे निबंध सूक्ष्मजीवशास्त्र, प्रतिकारशक्तीशास्त्र आणि चिकित्सा-वैद्यक अशा गटांत विखुरले जातात. याच गटांवर आधारलेल्या क्लॅरिव्हेटच्या ‘अत्यधिक उद्धृत संशोधकां’च्या यादीत नाव नसण्यामागे काम कमी असण्याऐवजी हे विखुरणेही असू शकते.

साथीच्या वर्षांचे आकडे वेगळे काढावेत

माझ्या मते या संपूर्ण पद्धतीतली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि बहुतेक मूल्यमापनांत तीच गाळली जाते. साथीच्या काळात उद्धरणांचा वेग कसा बदलतो याचे ठळक उदाहरण ‘द लॅन्सेट’चे आहे. या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे आधीच्या दोन वर्षांतल्या निबंधांना मिळालेल्या उद्धरणांची सरासरी, २०२० साठी सुमारे ७९ होता, २०२१ साठी तो २०२ च्या वर गेला आणि २०२३ साठी पुन्हा १०० च्या खाली आला. नियतकालिकाचा दर्जा वर्षभरात अडीच पट सुधारला आणि नंतर निम्म्याने घसरला असे कोणी म्हणणार नाही. कोविडवरच्या निबंधांची लाट आली आणि ओसरली, इतकेच. जे एका नियतकालिकाचे झाले, तेच त्या काळात कोविडवर लिहिणाऱ्या प्रत्येक संशोधकाचे झाले.

झिका विषाणूचा इतिहास हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखवतो. हा विषाणू १९४७ मध्ये युगांडातील झिका जंगलात एका माकडात सापडला आणि १९५२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यानंतर साठ वर्षे त्या निबंधांकडे फारच थोडे लोक वळले. फेब्रुवारी २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने झिकाशी निगडित जन्मजात विकृतींमुळे आंतरराष्ट्रीय आरोग्य-आणीबाणी जाहीर केली आणि तेच जुने निबंध सगळीकडे उद्धृत होऊ लागले. निबंधातले एक अक्षरही बदलले नव्हते.

म्हणून यादीचे तीन भाग करावेत: २०२० पूर्वीचे निबंध, २०२० ते २०२२ मधले कोविडवरचे निबंध आणि उरलेले सर्व. तिन्ही भागांची उद्धरणे आणि एच-इंडेक्स स्वतंत्रपणे काढावेत. एकूण उद्धरणांपैकी ८० टक्के मधल्याच भागातली असतील आणि बाकीचे काम विरळ असेल, तर ती व्यक्ती एका विशिष्ट क्षणी योग्य ठिकाणी उपस्थित होती एवढेच आकडे सांगतात. साथीच्या आधीपासून श्वसनविकारांच्या विषाणूंवर सातत्याने काम करणाऱ्या संशोधकाचे कोविडवरचे निबंध मात्र त्याच प्रवाहातले असतात, आणि त्यांना वेगळे काढून फेकणे अन्यायाचे ठरेल. कोणत्या बाजूचे प्रकरण आहे हे शीर्षके वाचल्यावर लगेच लक्षात येते.

शेकडो लेखकांच्या निबंधात वाटा कसा ओळखावा

जागतिक रोगभाराच्या अंदाजांसारख्या प्रकल्पांच्या निबंधांवर शेकडो लेखक असतात आणि त्या प्रत्येकाच्या खात्यात सगळी उद्धरणे पूर्ण जमा होतात. अशा पाच-सहा निबंधांत नाव असले, तर एकूण उद्धरणांचा आकडा हजारोंनी वाढतो. उलट प्रकारही घडतो. डेक्सामेथासोन दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात हे दाखवणाऱ्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निबंध समूहाच्या नावाने प्रसिद्ध झाला. अशा निबंधांत ज्यांनी रुग्ण भरती केले, नमुने तपासले, त्यांची नावे पबमेडमध्ये लेखकांऐवजी सहयोगी म्हणून वेगळ्या नोंदीत असतात, आणि लेखकावरून केलेल्या साध्या शोधात ती सुटतात.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या निबंधात त्या व्यक्तीचे स्थान पाहावे. वैद्यकीय संशोधनात प्रथम लेखकाने सहसा प्रत्यक्ष काम आणि लेखन केलेले असते, शेवटचा लेखक सहसा गटाचा प्रमुख असतो आणि पत्रव्यवहाराची जबाबदारीही अर्थपूर्ण असते. पण हा संकेत आहे, नियम नाही. निबंधाच्या शेवटी योगदानाचे निवेदन असेल तर ते जरूर वाचावे. क्रेडिट या १४ भूमिकांच्या वर्गीकरणामुळे कल्पना कोणाची, विश्लेषण कोणाचे, निधी कोणी आणला हे बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेले सापडते. जॉन आयोआनिडिस आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या, लोक ‘स्टॅनफर्डची दोन टक्क्यांची यादी’ म्हणून ओळखतात त्या स्कोपस-आधारित सूचीत लेखकसंख्येनुसार सुधारलेला एच-इंडेक्स आणि एकट्या, प्रथम व अंतिम लेखकत्वाच्या निबंधांची उद्धरणे स्वतंत्र दिलेली असतात, तसेच स्वतःच्याच निबंधांना दिलेली उद्धरणे वगळूनही आकडे मिळतात. ‘यादीत नाव आहे’ एवढीच बातमी घेऊन थांबण्यापेक्षा त्या रकान्यांत डोकावणे अधिक फायद्याचे आहे.

निबंध उघडून वाचावेत

आता सर्वाधिक उद्धृत असे आठ-दहा निबंध आणि त्या व्यक्तीला स्वतःला महत्त्वाचे वाटणारे तीन-चार निबंध निवडून प्रत्यक्ष वाचावेत. नंतर प्रत्येकाला उद्धृत करणारे काही निबंध उघडून ते वाक्य शोधावे जिथे हा संदर्भ आला आहे. ‘या रोगावर बरेच काम झाले आहे’ अशा वाक्यामागे सात संदर्भांच्या गर्दीत आलेले उद्धरण आणि ‘आम्ही अमुक यांची पद्धत वापरली’ असे उद्धरण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही उद्धरणे तर खंडन करण्यासाठीच असतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर मार्च २०२० मध्ये आलेला एक छोटा अभ्यास हजारो वेळा उद्धृत झाला, त्यांतल्या कित्येकांनी त्यातले दोष दाखवण्यासाठीच त्याचा उल्लेख केला, आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये तो मागे घेण्यात आला. त्याच औषधावरचा, सर्जिस्फियर कंपनीच्या माहितीवर आधारलेला ‘द लॅन्सेट’मधील निबंध २२ मे २०२० रोजी आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, तरी त्यानंतरही तो उद्धृत होत राहिला. मागे घेतलेल्या निबंधांची उद्धरणे डेटाबेस आपोआप वजा करत नाहीत. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची सूची २०२३ पासून क्रॉसरेफ या निबंध-नोंदणी संस्थेमार्फत सर्वांसाठी खुली आहे, तिच्यात यादीतला प्रत्येक निबंध तपासून घ्यावा. मागे घेतलेला निबंध सापडला, तर कारणही वाचावे, कारण स्वतःहून चूक कळवून निबंध मागे घेणारा संशोधक आणि बनावट माहिती दिलेला संशोधक यांना एका तागडीत घालता येत नाही.

उद्धरणांपलीकडचा उपयोग

संसर्गजन्य रोगांतले संशोधन शेवटी रुग्णापर्यंत, लसीकरण मोहिमेपर्यंत किंवा प्रयोगशाळेतल्या तपासणीपर्यंत पोहोचते, आणि तो प्रवास उद्धरणांत अर्धामुर्धाच दिसतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर एका नव्या औषध-संयोगाची ‘निक्स-टीबी’ चाचणी केवळ १०९ रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. या औषध-संयोगावरच्या पुढच्या चाचण्यांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सहा महिन्यांच्या उपचाराची शिफारस केली, जिथे पूर्वी दीड वर्ष किंवा अधिक काळ औषधे घ्यावी लागत. अशा कामाचा माग काढण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि राष्ट्रीय कार्यक्रमांच्या मार्गदर्शिकांच्या संदर्भसूची व पुरावा-परिशिष्टे शोधावीत. मार्गदर्शिका बहुधा पद्धतशीर आढाव्याचा संदर्भ देतात, म्हणून त्या आढाव्यात कोणत्या मूळ चाचण्या घेतल्या आहेत हेही एक पायरी खाली उतरून पाहावे लागते. जनुकीय क्रमवारी, प्रयोगपद्धती आणि नमुन्यांचे संग्रह खुले केले असतील, तर त्यांचीही नोंद घ्यावी.

जुन्या पिढीच्या संशोधकांबाबत विशेष सावध राहावे. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जंतू विष तयार करतात हे १९५९ मध्ये ‘नेचर’मधल्या छोट्या निबंधात दाखवले, पण त्या शोधाचे मोल जगाने बऱ्याच उशिरा ओळखले. गारफिल्ड यांनी स्वतः १९८६ मध्ये त्यांच्या कामाच्या प्रभावावर लिहिले, तोवर डे हयात नव्हते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत क्षार-साखरेचे द्रावण पाजून कॉलऱ्यातले मृत्यू कमालीचे घटवले आणि ते काम १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधावरचा १९७७ चा चिनी निबंध तर संशोधन-गटाच्या नावाने छापला गेला, त्यावर २०१५ च्या नोबेल पारितोषिक विजेत्या तू यूयू यांचे नाव नव्हते. अशा व्यक्तींचा एच-इंडेक्स काढून बघणारी समिती चुकीच्या निष्कर्षाला पोहोचली असती.

अहवाल कसा लिहावा

अहवालात आधी दोन-तीन परिच्छेदांत त्या व्यक्तीने नेमके काय शोधले किंवा बदलले ते साध्या भाषेत लिहावे आणि प्रत्येक विधानामागचा निबंध नमूद करावा. आकडे त्यानंतर यावेत: डेटाबेस, तारीख, स्व-उद्धरणे धरून आणि वगळून, साथीच्या वर्षांसह आणि त्यांशिवाय, प्रथम व अंतिम लेखकत्वाचे निबंध वेगळे. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर व्यक्तीच्या मूल्यमापनात देऊ नये. तो व्यक्तीच्या निबंधाबद्दल काहीच सांगत नाही, आणि संशोधन-मूल्यमापनावरच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने, ज्याला डोरा म्हणतात, तो याच कारणासाठी नाकारला आहे. दशांश चिन्हानंतर एकाहून अधिक आकडेही लिहू नयेत, कारण मोजणीतच तितकी अचूकता नसते.

अहवाल अंतिम करण्यापूर्वी निबंधांची यादी संबंधित संशोधकाकडे पाठवावी आणि चुकलेल्या, सुटलेल्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी पुरेसा अवधी द्यावा. संशोधन मोजणाऱ्या निर्देशांकांच्या वापरावरच्या २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यातही हे तत्त्व आहे की ज्यांचे मूल्यमापन होते त्यांना माहिती आणि विश्लेषण पडताळून पाहता आले पाहिजे. दुरुस्त्या आल्या की त्याच डेटाबेसवरून सर्व उमेदवारांचे आकडे पुन्हा एकत्र काढावेत आणि नवी तारीख टाकून मगच अहवाल समितीपुढे ठेवावा.